थांबलेले कंबरदुखीचे उपचार पुन्हा सुरू करताना

प्रश्न (जुलै २०२१) : आईचं वय ६३, वजन ५५ किलो, राहणं साताऱ्याजवळच्या गावी. जुनी कंबरदुखी, डाव्या पायात सायटिका, दोन्ही गुडघे झिजलेले. सोबत डायबेटिस आणि बीपी. पुण्यातल्या पेन क्लिनिकमध्ये उपचार चालू होते : प्रेगाबालिन (नसांच्या दुखण्यावरची गोळी) ७५ दिवसातून दोनदा, ट्रामाडॉल (अफूच्या गटातलं वेदनाशामक) ५० दोनदा. एप्रिलमध्ये कंबरेत ब्लॉक (नसेजवळ द्यायचं स्टेरॉइडचं इंजेक्शन) द्यायचं ठरलं होतं, ते कोविडच्या दुसऱ्या लाटेत राहून गेलं. एप्रिलअखेर प्रेगाबालिन संपली, ट्रामाडॉलही बंद झाली. तिची एक स्ट्रिप शिल्लक आहे. जूनपासून ओळखीतल्या एकांनी दिलेल्या पुड्या घेते आहे. दुखणं बरंच कमी आहे, पण शुगर २५०च्या खाली येत नाही. कोविड झालेला नाही, कोविशिल्डचा पहिला डोस १० जूनला घेतला. आता जुन्याच गोळ्या सुरू करू का? ब्लॉक घ्यावा का?

उत्तर (जुलै २०२१) :

आधी पुड्यांचं बघा, बाकी सगळं त्यानंतर. सांधेदुखीवर मिळणाऱ्या अशा बिनलेबलच्या पुड्यांमध्ये प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा बेटामेथासोन यांपैकी एखादं स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता असते. कधी जोडीला डायक्लोफिनॅकही असतं. देणारा 'आयुर्वेदिक आहे' म्हणतो, पण नीट शिकलेला वैद्य औषधाचं नाव न लिहिता पुडी हातात ठेवत नाही. वर्षानुवर्षांचं दुखणं चार दिवसांत ओसरलं, भूक वाढली, चेहरा भरल्यासारखा दिसायला लागला आणि त्याच सुमारास शुगर चढली, तर ते स्टेरॉइडच आहे असं धरून चालावं.

पुड्या आज रात्री एकदम बंदही करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. तीन आठवड्यांहून जास्त काळ घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबलं तर गळून गेल्यासारखं होतं, उलट्या होतात, उभं राहिलं की चक्कर येते, बीपी खाली जातो, आणि त्यातच ताप किंवा जुलाब सुरू झाले तर जिवावर बेतू शकतं. म्हणून दोन-तीन दिवसांत जवळच्या फिजिशियनकडे जा. पुडीचा कागद आणि उरलेली पावडर सोबत न्या, कधीपासून आणि दिवसाला किती ते लिहून न्या. डॉक्टर गरजेप्रमाणे सकाळी ८च्या सुमाराचं कॉर्टिसॉल बघतील आणि बहुधा मोजून दिलेल्या प्रेडनिसोलोनवर आणून ती पायरीपायरीने कमी करतील. त्याच भेटीत शुगरच्या औषधांची फेरमांडणी होईल. काही आठवड्यांपुरतं इन्सुलिन लागलं तर घाबरू नका. पुढे स्टेरॉइड कमी होत जाईल तशी शुगरही खाली येईल. तेव्हा वाढवलेलं औषध तसंच चालू राहिलं तर शुगर एकदम उतरते, म्हणून या काळात घरच्या ग्लुकोमीटरवर रोज उपाशीपोटी आणि रात्री जेवणाआधी मोजा. आणि येते काही महिने ताप आला, दाखल व्हावं लागलं किंवा दात काढायचा असला तरी 'स्टेरॉइडच्या पुड्या चालू होत्या' हे समोरच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

दुखणं सध्या कमी आहे त्यात या पुड्यांचाच मोठा वाटा असणार. त्या कमी होतील तसं दुखणं वर येईल. ते आधीच माहीत असलं की आई पुन्हा पुडीकडे वळणार नाहीत.

आता तुमचा मुख्य प्रश्न. अडीच महिन्यांचा खंड पडल्यावर उपचार जिथे सोडले तिथून उचलायचे नसतात. मधल्या काळात तीन गोष्टी बदललेल्या असतात : आजार पुढे सरकलेला असू शकतो, शरीराची औषधांची सवय मोडलेली असते, आणि शुगर, किडनी, लस यांमुळे धोक्याचं गणित वेगळं झालेलं असतं. एप्रिलचं प्रिस्क्रिप्शन एप्रिलच्या आईंसाठी होतं. पण कोविडच्या भीतीने घरीच दुखणं काढत बसणं हेही सुरक्षित नाही. दुखण्याने झोप मोडते, हालचाल थांबते, शुगर-बीपी बिघडतात आणि शेवटी माणूस पुडी देणाऱ्याच्या दारात जातो.

पहिली पायरी फोनवर किंवा व्हिडिओवर होऊ शकते. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांनुसार जुन्या रुग्णाची चालू औषधं डॉक्टर व्हिडिओवर तपासून लिहून देऊ शकतात. मात्र अमली आणि मनोविकारी पदार्थांच्या कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएसखाली येणारी औषधं तशी लिहून देता येत नाहीत. ट्रामाडॉल २०१८पासून या कायद्यात आहे. क्लिनिकने फोनवर ट्रामाडॉल द्यायला नकार दिला तर ते अडवणूक करत नाहीत. त्यासाठी प्रत्यक्ष भेट लागते.

व्हिडिओ कॉलच्या आधी थोडी तयारी करा. घरातली प्रत्येक स्ट्रिप एका ताटात ठेवा आणि मागच्या बाजूचं बारीक अक्षरातलं घटकांचं नाव वाचा. ब्रँडचं नाव पुरेसं नाही. 'नसांची गोळी' म्हणून मिळणाऱ्या मिथाइलकोबालामिनच्या अनेक गोळ्यांत प्रेगाबालिन किंवा गाबापेन्टिन आधीच घातलेलं असतं. मेडिकलवाल्याने मध्यंतरी तशी एखादी दिली असेल आणि वर जुनी प्रेगाबालिन सुरू झाली तर डोस नकळत दुप्पट होतो, आणि आई दिवसभर पेंगतात किंवा रात्री बाथरूमला जाताना पडतात. एसिक्लोफिनॅकच्या जोडगोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, तेही हिशेबात धरा.

कॉलवर मोबाइल कंबरेच्या उंचीवर, दोनेक मीटर लांब ठेवा, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत दिसेल. आईंना आधी टाचांवर चार पावलं चालायला सांगा, मग चवड्यांवर चार; पडू नये म्हणून तुम्ही शेजारी उभे रहा. मग खुर्चीवर बसवून पायाचा अंगठा वर ओढायला सांगा आणि तुम्ही बोटाने तो खाली दाबा. उजव्या अंगठ्याच्या मानाने डावा पटकन दबला तर नसेवर खरा दाब आहे. 'दहापैकी किती दुखतं' यापेक्षा ओट्यापाशी किती मिनिटं उभं राहता येतं आणि रात्री किती वेळा जाग येते, हे सांगितलेलं जास्त कामाचं.

काही लक्षणं दिसली तर व्हिडिओ वगैरे बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा, लॉकडाऊन असो वा नसो. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा, पायाचा पंजा उचलला न जाणं (चपला पायातून निसटायला लागतात), दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने जाणं : यात काही तासांचा उशीरही कायमचा अपंगपणा देऊ शकतो.

दुसरा गट तितका घाईचा नाही, पण सहज नजरेआड होतो. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं, आडवं पडल्यावरही न थांबणारं रात्रीचं दुखणं ही मणक्याच्या टीबीची लक्षणं आहेत. आपल्याकडे टीबी आहे, डायबेटिसमध्ये तो जास्त होतो, आणि २०२०-२१मध्ये टीबीच्या तपासण्या खूप मागे पडल्या. स्टेरॉइड चालू असेल तर ताप दबून जातो, म्हणून ताप नाही एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. अशा मणक्याजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन पडलं तर जंतुसंसर्गाला मोकळं रान मिळतं. स्टेरॉइडने हाडंही ठिसूळ होतात. बादली उचलताना कळ आली आणि मधल्या मणक्यावर बोट ठेवलं तरी दुखत असेल तर दबलेल्या मणक्यासाठी एक्स-रे हवा. जांघेत दुखतं आणि मांडी घालून बसता येत नाही अशी नवी तक्रार असेल तर तिचं मूळ बहुतेकदा कंबरेत नसतं. खुब्याचा एमआरआय करा. कोविडमध्ये भरपूर स्टेरॉइड मिळालेल्यांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रकार २०२१मध्ये मुंबईत दिसले, आणि तिथे लवकर निदान झालं तर सांधा वाचण्याची संधी असते. म्हणून वर्षापूर्वीच्या एमआरआयवर विसंबून सुई घालण्याआधी सीबीसी, ईएसआर, सीआरपी (जंतुसंसर्ग किंवा दाह आहे का ते कळायला), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम) या रक्ततपासण्या करून घ्या. लक्षणं बदलली असतील तर एमआरआयही नवा करावा. नसतील तर जुना चालतो.

गोळ्यांकडे वळू. प्रेगाबालिन मुळात अशी एकदम थांबायला नको होती. किमान आठवडाभर घेऊन ती उतरवायची असते, नाहीतर झोप उडते, घाम फुटतो, मळमळतं, बेचैनी येते. ते दिवस निघून गेले. आता सुरू करताना १५० मिलिग्रॅमवर उडी नको. रात्री एकच ७५ची, पेंग फार आली तर ५०ची. आठवडाभर बघून मग सकाळची वाढवायची की नाही ते ठरवा. ते ठरण्याआधी क्रिएटिनिन हातात हवं, कारण ही गोळी जवळजवळ पूर्ण किडनीतूनच बाहेर पडते. आईंचं क्रिएटिनिन समजा १.३ आलं. लॅबच्या कागदावर ते 'थोडं जास्त' एवढंच दिसेल. पण हिशेब मांडा : १४० वजा वय ६३ म्हणजे ७७, गुणिले वजन ५५, भागिले ७२ गुणिले १.३, आणि स्त्री असल्यामुळे गुणिले ०.८५. उत्तर, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग, येतं मिनिटाला साधारण ३८ मिलिलिटर. ३० ते ६०च्या मध्ये डोस निम्मा करावा लागतो, म्हणजे त्यांच्यासाठी दिवसभरात ७५ हाच पूर्ण डोस ठरू शकतो. पायांना सूज आली तर कळवा. शुगरसाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर ही सूज जास्त येते.

ट्रामाडॉलची शिल्लक स्ट्रिप 'अगदीच लागली तर' म्हणून आईंच्या उशाशी ठेवू नका. आठ-दहा दिवस बंद राहिली तरी शरीराची सवय मोडू लागते, इथे तर अडीच महिने झालेत. पूर्वी पचणारा डोस आता उलट्या, चक्कर आणि गुंगी आणेल. पुन्हा खरंच गरज वाटली तर डॉक्टरांनी तपासून २५ किंवा ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, तीही प्रेगाबालिनचा डोस स्थिरावल्यावर. दोन्ही एकाच दिवशी सुरू केल्या आणि त्रास झाला तर दोष कुणाचा ते कळत नाही, शिवाय दोन्ही मिळून श्वास मंदावतो. दमा, जुनं सीओपीडी (श्वासनळ्यांचा कायमचा विकार) किंवा झोपेत घोरताना श्वास अडकणं असेल तर ही जोडी मुळीच नको. डायबेटिसमध्ये ट्रामाडॉलने शुगर अचानक उतरल्याचंही आढळलं आहे. ड्युलोक्सेटिन किंवा नैराश्यावरची दुसरी गोळी सोबत चालू असेल तर थरथर, घाम, जुलाब, क्वचित झटके येऊ शकतात. माझं मत विचाराल तर या वयात, या शुगरवर, ट्रामाडॉल परत न आणता काम भागत असेल तर भागवावं.

(हे वाचणारे कुणी ट्रामाडॉल अजूनही रोज घेत असतील तर त्यांनी उलटं लक्षात ठेवावं : एकदम थांबवू नका. आठवड्याला दहा ते पंचवीस टक्के अशी उतरवा. आणि पाठीवर ब्युप्रेनॉर्फिन किंवा फेन्टानिलचा पॅच असेल आणि कोविडचा ताप चढला, तर उष्णतेने पॅचमधलं औषध जास्त वेगाने अंगात उतरतं. माणूस हाक मारून नीट उठत नसेल तर पॅच काढा आणि रुग्णालयात न्या.)

साध्या वेदनाशामकांत पॅरासिटामॉल पहिलं. ६५०ची दिवसातून तीनदा म्हणजे १,९५० मिलिग्रॅम. सगळ्या गोळ्यांतलं मिळून ३,०००च्या पुढे जाऊ नका. रोज पॅरासिटामॉल घेणाऱ्याचा ताप दबतो, क्लिनिकच्या दारातली थर्मल गन त्याला 'नॉर्मल' दाखवते. म्हणून आईंचं तापमान सकाळच्या गोळीच्या आधी मोजून वहीत लिहा, आणि क्लिनिकमध्ये विचारण्याआधी सांगा.

डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांबद्दल मार्च २०२०मध्ये 'याने कोविड बळावतो' अशी भीती पसरली होती. जागतिक आरोग्य संघटनेने काही दिवसांतच तसा मनाई करणारा सल्ला आमचा नाही हे स्पष्ट केलं. आईंच्या बाबतीत काळजी आहे ती किडनीची. बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी, तिच्यात लघवीची गोळी आणि वर वेदनाशामक, हे त्रिकूट किडनीला एकदम खाली आणतं. त्यात जुलाब किंवा उलट्या झाल्या तर दोन दिवसांत. पुडीतल्या स्टेरॉइडसोबत जठरातून रक्तस्रावाचाही धोका असतो. सध्या तरी या गोळ्या बंद. गुडघ्यावर डायक्लोफिनॅकचं जेल दिवसातून तीन-चारदा चालेल.

ब्लॉक. एप्रिलमध्ये ठरला म्हणून आता घ्यायलाच हवा असं नाही. ताकद टिकून असेल आणि गोळ्या-व्यायामाने चालणं वाढत असेल तर सहा आठवडे थांबून काही बिघडत नाही. सायटिकाने झोपच लागत नसेल तर मात्र घ्यावा, पण या क्रमाने : पुड्या पूर्ण सुटल्या, शुगर आटोक्यात आली, मग ब्लॉक. एचबीए१सी ८च्या वर किंवा उपाशीपोटी शुगर २००च्या आसपास असताना स्टेरॉइडचा ब्लॉक देऊ नये असं मी मानतो. कंबरेतल्या एका इंजेक्शननंतरही डायबेटिसच्या रुग्णाची शुगर पहिले दोन-तीन दिवस उसळते, कधी आठवडाभर वर राहते. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल साधारण तीन आठवडे दबलेलं राहू शकतं. मे २०२१मध्ये केंद्राने राज्यांना म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) साथरोग कायद्याखाली आणायला सांगितलं, ते का हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. एका ब्लॉकने म्युकर होतो असा पुरावा नाही. पण पुडीतलं स्टेरॉइड, २५०ची शुगर, त्यावर ब्लॉक आणि नेमका तेव्हाच कोविड, हे सगळं एकत्र येऊ देण्यात शहाणपण नाही.

डॉक्टरांशी डोसबद्दल मोकळेपणाने बोला. ८० मिलिग्रॅम स्टेरॉइडऐवजी (ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन) ४० पुरतं. मणक्याच्या बाजूने नसेच्या मुळाशी द्यायचं असेल तर डेक्सामेथासोनच बरं. त्यात कण नसल्याने रक्तवाहिनी तुंबायची भीती कमी. गुडघ्यांसाठी तर स्टेरॉइडशिवायचाही मार्ग आहे : आधी नुसत्या भुलीच्या औषधाने गुडघ्याच्या नसांचा चाचणी-ब्लॉक, आणि त्याने निम्म्याहून जास्त आराम पडला तर रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे त्याच नसा सुईच्या टोकाच्या उष्णतेने बधिर करणं.

लशीचं वेळापत्रक ब्लॉकच्या वर ठेवा. स्टेरॉइडने लशीचा परिणाम मंदावू नये म्हणून डोसच्या आधी आणि नंतर दोन आठवडे मोकळे सोडणं बरं. आईंचा पहिला डोस १० जूनचा, त्यामुळे २४ जूननंतर वाट मोकळी झाली. दुसरा डोस २०२१च्या नियमाने ८४ दिवसांनी, म्हणजे २ सप्टेंबरपासून. त्याआधीचे दोन आठवडे सोडले की १९ ऑगस्टपर्यंत ब्लॉक घेता येतो. तोवर शुगर आटोक्यात आली नाही तर खुशाल दुसरा डोस होऊ द्या आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात बघा. कोव्हॅक्सिनच्या डोसांत २०२१मध्ये २८ ते ४२ दिवसांचंच अंतर होतं, मध्ये जागा जवळजवळ उरत नव्हती. तिथे दोन्ही डोस उरकून मग ब्लॉक. ब्लॉकमध्ये स्टेरॉइड नसेल तर हा हिशेब लागू नाही.

ज्यांना कोविड होऊन गेला त्यांच्यासाठी २०२१मध्ये असा सल्ला होता : लक्षणं नसलेला किंवा अगदी सौम्य आजार असेल तर ठरवून करायच्या प्रक्रियेआधी चार आठवडे, खोकला-धाप लागली पण घरीच बरे झाले तर सहा, लक्षणं असून डायबेटिस असेल किंवा दाखल व्हावं लागलं तर आठ ते दहा, आयसीयूत होते तर बारा. यांपैकी अनेकांना घरी सोडताना रक्त पातळ करणारी गोळी दिली गेली आहे आणि ती साध्या 'व्हिटॅमिन'च्या रांगेत बसलेली असते. रिव्हारोक्साबान, एपिक्साबान, क्लोपिडोग्रेल यांपैकी काही चालू असताना मणक्यात सुई गेली तर आत रक्त साकळून पाय लुळे पडू शकतात. पहिल्या दोन किमान तीन दिवस आणि क्लोपिडोग्रेल सात दिवस आधी थांबवावी लागते, पण ते ज्यांनी सुरू केली त्यांना विचारूनच.

प्रक्रियेच्या दिवसासाठी सकाळची पहिली वेळ मागा, सोबत एकच माणूस. कोविडची आरटी-पीसीआर टेस्ट मागत असतील तर ती किती तासांच्या आतली हवी ते क्लिनिकला आधी विचारा. आईंना पालथं झोपवतील, तेव्हा मास्क नाकावरून घसरतो. घट्ट बसणारा मास्क घालून घरी दहा मिनिटं पालथं पडून बघा. झोपेचं इंजेक्शन न घेता नुसत्या भुलीवर करा. शंभरावर किलोमीटर गाडीने सलग बसू नका : भुईंजला एकदा, शिरवळला एकदा उतरून पाच मिनिटं चाला. परतल्यावर पाच ते सात दिवस शुगर रोज चार वेळा मोजा आणि ३००च्या वर गेली तर फिजिशियनला त्याच दिवशी फोन करा. नंतर ताप आला तर फक्त कोविडची टेस्ट करून थांबू नका. सुईच्या जागी ठणका, मान ताठ होणं किंवा पायात नवी कमजोरी असेल तर मणक्यातल्या जंतुसंसर्गाचा विचार लगेच व्हायला हवा. गालात दुखणं, नाकातून काळपट स्राव, एका डोळ्याला सूज असेल तर म्युकरचा विचारही तसाच लगेच व्हायला हवा.

व्यायाम आजपासून सुरू करता येईल, पण मोबाइलवर बघून अर्ध्या तासाचा योगाभ्यास नको. चार महिने घरात बसलेले स्नायू पहिल्याच दिवशी आखडतात आणि मग 'व्यायामाने वाढलं' म्हणून तो कायमचा बंद होतो. अंगणात चालताना कितव्या मिनिटाला दुखणं वाढतं ते बघा. दहाव्याला वाढत असेल तर सातव्यालाच थांबा, पण दिवसातून तीनदा. चार दिवसांनी एक मिनिट वाढवा. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं पाच वेळा, उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर गादीला टेकवणं दहा वेळा. वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी याच वेळेपर्यंत ओसरलं तर ठीक. नाही ओसरलं तर एक पायरी मागे. ब्लॉक झाला तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा इथूनच.

ब्लॉकचा निकाल दोन ते तीन आठवड्यांनी लावा. दुखणं निम्म्याने कमी झालं, ओट्यापाशी उभं राहण्याची मिनिटं वाढली, तर पुढच्या इंजेक्शनचा विचार दुखणं परत वर आल्यावरच, तीन महिन्यांच्या आत नको. काहीच फरक पडला नाही तर तेच इंजेक्शन दुसऱ्यांदा घेऊ नका. दुखणं कंबरेतलं आहे, खुब्यातलं की गुडघ्यातलं, हे पुन्हा पहिल्यापासून तपासायला सांगा.